अंबाबाईच्या गावात दोन मुक्काम

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नागपूरचे आमचे पाहुणे कोल्हापूरला येऊन गेले. सकाळी सातला गाडी लावली, साडेचार तास रांगेत उभे राहिले, देवीसमोर जेमतेम पाच सेकंद मिळाले, मग पेढे घेतले, चपला घेतल्या आणि दुपारी गोव्याच्या रस्त्याला लागले. रात्री फोन आला, "वहिनी, दर्शन झालं, समाधान वाटलं. पण देऊळ कसं आहे ते काही डोळ्यांपुढे येईना बघा." मला फार वाईट वाटलं. जे देऊळ बघायला लोक परदेशातून येतात, त्याच्या पायऱ्यांवर साडेचार तास उभं राहून माणूस ते न बघताच परत जातो. म्हणून हा लेख. कोल्हापूरला येणाऱ्या प्रत्येकाला मी जे तोंडी सांगते, तेच इथे लिहून ठेवते आहे.

सगळ्यात आधी एक विनंती: मुक्काम करा. एक नाही, दोन. कोल्हापूर हे वाटेतलं स्टेशन नाही. पहाट, संध्याकाळ आणि रात्र अशा तिन्ही वेळांना देवळात जाता आलं, तरच हे गाव तुम्हाला सापडेल. दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि नवरात्र टाळता आलं तर टाळा. साधा मंगळवार-बुधवार उत्तम. नवरात्र बघायचंच असेल तर गर्दी बघायला आलोय असं मनाशी ठरवून या. रोजच्या वेगळ्या अलंकार पूजा, पंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर जाणारी देवीची पालखी आणि तिथला कोहळा फोडण्याचा विधी, अष्टमीची नगरप्रदक्षिणा, दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याच्या उपस्थितीत लुटलं जाणारं सोनं, हे सगळं गर्दीसकटच बघायचं असतं.

रेल्वेनं आलात तर छत्रपती शाहू महाराज टर्मिनसपासून देऊळ अडीच-तीन किलोमीटर आहे, मध्यवर्ती बसस्थानकही त्याच भागात. रिक्षा करा. स्वतःची गाडी असेल तर ती महाद्वार रोडला घुसवण्याचा हट्ट नको. बिंदू चौकाच्या वाहनतळावर लावा आणि चालत या. बिंदू चौकात उतरलातच तर दोन मिनिटं थांबा. तिथे महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे अर्धपुतळे आहेत. ९ डिसेंबर १९५० रोजी ते बसवले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. शाहू महाराजांच्या गावानं केलेलं हे काम आहे, आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे.

आता देऊळ. इथे आम्ही तिला अंबाबाई म्हणतो. बाहेरगावची माणसं महालक्ष्मी म्हणतात, रेल्वेचं नाव महालक्ष्मी एक्सप्रेस आहे, पण रिक्षावाल्याला "अंबाबाईच्या देवळात" म्हणून सांगा, त्याचा चेहरा बघा कसा खुलतो. साडेतीन शक्तिपीठांतलं हे एक पूर्ण पीठ. परचक्राच्या काळात देवीची मूर्ती एका पुजाऱ्याच्या घरी लपवून ठेवली होती आणि १७१५ मध्ये, करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्याच, संभाजी महाराजांच्या काळात, ती पुन्हा गाभाऱ्यात बसवली गेली. तेव्हा आपण जिथे हात जोडतो ती मूर्ती काही पिढ्या कुणाच्या तरी घरात सांभाळलेली आहे, हे मनात असू द्या.

दर्शनाचं साधं गणित सांगते. दोन प्रकारे दर्शन होतं. एक रांगेतून गाभाऱ्याजवळ जाऊन, दुसरं लांबून, समोरच्या मंडपाकडून, ज्याला मुखदर्शन म्हणतात. लहान मुलं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर मुखदर्शन घ्या, त्यात काही कमीपणा नाही. पहाटे काकडआरतीच्या सुमाराला पोचाल तर रांगही बरीच लहान असते. ओटी बाहेरच्या दुकानात घ्यायची तर आधी दर विचारा, मग ताटाला हात लावा. नारळ, खण आणि तांदूळ एवढं पुरतं. "लवकर दर्शन करून देतो" म्हणणाऱ्या माणसाला नमस्कार करून पुढे जा. कपडे अंगभर असावेत. आत फोटो काढायला बंदी आहे. ती पाळा, कारण हात मोकळे राहिले की डोळे कामाला लागतात.

दर्शन झालं की पाहुणे बाहेर पडतात. तिथेच चूक होते. मूर्तीसाठी रांग लागते, देवळासाठी वेळ लागतो, आणि त्याला रांग नाही. बाहेर आल्यावर भिंतीला डावीकडून उजवीकडे, सावकाश, एक पूर्ण प्रदक्षिणा घाला. भिंत सरळ नाही, हे पहिल्यांदा लक्षात येईल. ती दुमडत दुमडत जाते, ताऱ्याच्या टोकांसारखी. काळ्या दगडाची ही बांधणी चालुक्य-शिलाहार काळातली, टप्प्याटप्प्यानं वाढत गेलेली. दुमडलेली भिंत असली की उन्हाचा खेळ सुरू होतो. एक कोपरा उजळलेला, शेजारचा सावलीत. म्हणून पूर्वेकडची भिंत सकाळी सात-साडेसातला बघा आणि पश्चिमेकडची साडेचारनंतर. भर दुपारी सगळं सपाट दिसतं, आणि अनवाणी पायांना फरशी सोसत नाही.

आता एखाद्या कोपऱ्यापाशी उभे राहा. डोळ्यांच्या पातळीला बायका दिसतील: कुणी वाद्य वाजवते आहे, कुणी नाचाच्या मुद्रेत आहे. चौसष्ट योगिनी म्हणून त्या ओळखल्या जातात. बऱ्याच जणींची नाकं, हात झिजलेत, तुटलेत. तरी कमरेची वळणं, पायातले वाळे आणि केसांचे अंबाडे ताजे वाटतात. माझी आजी यातल्या एकीला "आपल्या गल्लीतली" म्हणायची, कारण तिचा अंबाडा आमच्या शेजारणीसारखा होता. तुम्हीही एक निवडा. संध्याकाळी परत या आणि तीच शोधा. ऊन बदलल्यावर ती वेगळी दिसते, आणि एकदा असं केलं की हे देऊळ विसरत नाही.

मग मान वर करा. खाली काळा कातळ आणि वर पांढरी शिखरं, हा फरक सहज दिसतो. शिखरं नंतरच्या काळातली, विटा-चुन्याची. म्हणजे एकाच इमारतीत निरनिराळ्या शतकांचे हात आहेत. पूर्व दरवाज्याजवळचं शेषशायी विष्णूचं छोटं देऊळ चुकवू नका. त्याच्या मंडपात वरच्या पट्टीकडे बघितलंत तर तीर्थंकरांच्या बसलेल्या आकृती दिसतील. शिलाहारांच्या राज्यात जैन धर्माला मोठा आश्रय होता, आणि कोल्हापुरात जैन समाज आजही मोठा आहे. त्याची खूण देवीच्या आवारातच, विष्णूच्या डोक्यावर कोरलेली आहे.

देवीचं तोंड पश्चिमेला आहे. देवळं बहुधा पूर्वाभिमुख असतात; हे नाही, आणि त्यातूनच किरणोत्सव आला. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, तसंच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, मंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. तारखा मुद्दाम मोजून बघा. वर्षातला सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा. नोव्हेंबरचा किरणोत्सव त्याच्या साधारण एक्केचाळीस दिवस आधी येतो आणि जानेवारी-फेब्रुवारीतला तितकेच दिवस नंतर. दक्षिणेकडे सरकणारा सूर्य जाताना ज्या जागी मावळतो, परतताना पुन्हा त्याच जागी मावळतो. बांधणाऱ्यांनी ते आधी निरखलं, मग दार कुठे ठेवायचं ते ठरवलं.

नेमक्या दिवसाच्या उन्हाची अशी वाट बघणं दुसरीकडेही आहे. फ्रान्समध्ये पॅरिसपासून साधारण नव्वद किलोमीटरवर शार्त्र नावाचं गाव आहे. ११९४ च्या आगीनंतर तिथे उभं राहिलेलं मेरीमातेचं भव्य चर्च रंगीत काचांसाठी जगभर नावाजलेलं आहे. तिथेही एका खिडकीच्या काचेतून २१ जूनच्या सुमाराला भर दुपारी उन्हाचा कवडसा येतो आणि फरशीतल्या एका नेमक्या ठिकाणी, जिथे धातूची खूण बसवली आहे, तिथे पडतो. लोक त्यासाठी वाट बघत उभे राहतात. तिथल्या जमिनीवर एक भला मोठा दगडी चक्रव्यूह आहे. एरवी त्याच्यावर खुर्च्या असतात, पण उन्हाळ्यात शुक्रवारी त्या हटवतात आणि माणसं त्या वाटेवरून शांतपणे चालतात. आमच्याकडेही शुक्रवारी रात्री आरतीनंतर अंबाबाईची पालखी निघते आणि देवळाभोवती फिरते. दोन गावं इतकी लांब, पण दोन्हीकडे बघण्याची रीत एकच आहे: नेमक्या दिवशी जायचं, थांबायचं आणि चालायचं.

किरणोत्सवाला येणार असाल तर अपेक्षा नीट ठेवा. गाभाऱ्यासमोर उभं राहायला सगळ्यांना जागा मिळत नाही, बाहेर पडद्यावर दाखवतात. ढग आले, धुरळा असला, आर्द्रता वाढली तर किरणं कमी पडतात, आणि वाटेत वाढलेल्या इमारतींचाही अडथळा होतो. म्हणून मी दरवर्षी वेगळं करते. महाद्वाराच्या आत एका बाजूला उभी राहते आणि देवीकडे नाही, पश्चिमेकडे बघते. रस्त्यावरच्या फुलांच्या टोपल्या, नारळाचे ढीग, बायकांच्या पदराच्या कडा एक एक करून सोनेरी होतात आणि मग ऊन आपल्याला ओलांडून आत जातं. थोड्या वेळानं मागून घंटा वाजू लागतात, तेव्हा कळतं, पोचलं. आणि शुक्रवारी इथे मुक्काम असेल तर रात्री जेवण लवकर उरका आणि पालखीला या. दिवसभराची गर्दी ओसरलेली असते, बाजूच्या पेठांमधली म्हातारी माणसं येऊन बसलेली असतात. पाहुणा आणि गावकरी हा भेद त्या तासात राहत नाही.

दुसरा दिवस गावासाठी ठेवा. सकाळी मिसळ खा. ती इथे पावाबरोबर नाही, ब्रेडच्या स्लाइसबरोबर येते, आणि कट वेगळा मागून घेता येतो. तिखटाची सवय नसेल तर आधीच सांगा, कुणी हसणार नाही. मग देवळाशेजारच्या भवानी मंडपातून, जुन्या राजवाड्याच्या नगारखान्याखालून चालत जा. मोतीबाग तालीम जवळच आहे. पहाटे किंवा दुपारी चारनंतर गेलात आणि वस्तादांची परवानगी घेतलीत तर कोपऱ्यात बसून कसरत बघू देतात. चपला बाहेर काढा आणि हौदात पाय ठेवू नका. तिथली तांबडी माती पैलवानांना देवासारखी आहे; ताक, तेल, लिंबू, हळद घालून ती तयार केलेली असते. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदानही इथून फार लांब नाही. महाराज १९०२ साली युरोपात गेले होते. रोमचं प्राचीन क्रीडांगण पाहून खोलगट, गोल मैदानाची कल्पना त्यांना सुचली असं सांगतात. १९१२ मध्ये ते सुरू झालं. मध्ये उभं राहिलात तर चारी बाजूंनी चढत गेलेली बसायची जागा दिसते, आणि कुठूनही कुस्ती दिसेल अशीच ती आखलेली आहे.

त्याला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री गावातली कितीतरी माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. तिथून जाताना थोडं थांबलात तर आम्हाला बरं वाटेल.

टाऊन हॉलचं संग्रहालय पाहुणे वगळतात, कारण कुणी सांगत नाही. १८७० च्या दशकात चार्ल्स मँट या इंग्रज इंजिनिअरनं उभारलेली ही इमारत उंच टोकदार कमानींची आहे. त्यांनीच पुढे कसबा बावड्याच्या रस्त्यावरचा नवा राजवाडा बांधला, १८८४ मध्ये तो पूर्ण झाला. राजवाड्यातलं शाहू छत्रपती संग्रहालय लोक आवर्जून बघतात, बघाच. पण टाऊन हॉलच्या संग्रहाची खरी ओळख म्हणजे ब्रह्मपुरीच्या कांस्यवस्तू. पंचगंगेच्या काठची ही टेकडी १९४० च्या दशकात खणली गेली आणि तिथे सातवाहन काळातलं गाव सापडलं. त्यातच पोसायडनची छोटी मूर्ती होती, म्हणजे भूमध्य समुद्राच्या देवाची. कोकणातल्या बंदरांतून, सह्याद्री चढून रोमन माल इथे यायचा. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी या नदीकाठी कुणाच्या तरी घरी तो समुद्रदेव होता. ही गोष्ट मुलांना सांगा. राजवाड्यातल्या तलवारींपेक्षा ती त्यांच्या जास्त लक्षात राहते, माझा अनुभव आहे. संग्रहालय सोमवारी सहसा बंद असतं.

संध्याकाळी रंकाळ्यावर फिरा, भेळ खा, आणि परतताना गंगावेशीला दूधकट्ट्यावर या. म्हशी समोर उभ्या असतात, धार काढून दूध तुमच्या हातात. प्यायची हिंमत होत नसेल तर बघत उभे राहा.

चपला घ्यायच्या असतील तर घाईत घेऊ नका. गावाकडचे लोक त्यांना पायताण म्हणतात. दुकानदारानं समोर ठेवली की ती उलटी करा आणि कड बघा. चामड्याच्या बारीक वादीनं शिवलेली असावी, खिळा नसावा. तळ एका थराचा आहे की आत पुठ्ठा घातलाय ते वाकवून कळतं. नव्या चपलेचा पट्टा थोडा घट्टच घ्या, आठवड्याभरात तो पायाचा होतो. लागत असेल तर आतून खोबरेल तेल चोळा. पावसात घालू नका, भिजलीच तर सावलीत वाळवा. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. कारागीर तिथल्या गावागावांत आहेत, म्हणून फार स्वस्तात मिळाली तर ती कुठली आहे ते विचारा.

तिसऱ्या दिवशी बाहेर पडायचं झालं तर बहुतेक जण जोतिबा आणि पन्हाळा करतात. दोन्ही वीसेक किलोमीटरच्या आत, एकाच दिशेला. पन्हाळा २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून. पण माझं ऐकाल तर एकदा उलट्या दिशेला, खिद्रापूरला जा. साधारण साठ किलोमीटर, शिरोळ तालुक्याच्या टोकाला, कृष्णेच्या काठावर. वाटेत नृसिंहवाडीला दत्ताचं दर्शन घ्या, बासुंदी खा.

खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर शिलाहारांनी बाराव्या शतकात बांधलं. आत शिरताच समोर स्वर्गमंडप आहे. गोल मंडप, अठ्ठेचाळीस खांब, आणि मधोमध छत नाही, आभाळ आहे. खाली बरोबर त्याच मापाची गोल शिळा. आतल्या बारा खांबांच्या वरच्या कडेला दिशांचे देव आपापल्या वाहनांवर बसलेले. मी सकाळी साडेदहाच्या सुमाराला जाते. तेव्हा उन्हाची चकती एका बाजूच्या खांबांवर असते, आणि बसून राहिलात तर ती हळूहळू शिळेकडे सरकताना दिसते. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री चंद्र त्या पोकळीवर येतो, त्या रात्री मात्र इथे माणूस मावत नाही. बाहेर आल्यावर खाली वाका. देवळाचा सगळा भार हत्तींच्या रांगेनं तोलला आहे. समोर नंदी नाही, हेही लक्षात येईल. तो नदीपलीकडे कर्नाटकात यडूरला आहे अशी इथली समजूत. दारात खाण्यापिण्याची फारशी सोय नसते, पाणी बरोबर न्या.

त्याच त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर हजारो पणत्या लागतात. दोन्ही साधायचं असेल तर पहाटे घाटावर, रात्री खिद्रापूरला.

आणि पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये यायचं ठरवत असाल तर तिकीट काढण्याआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघा. एकोणचाळीस फूट ही इशारा पातळी, त्रेचाळीस फूट धोका. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आम्ही पाहिलेत. २०१९ मध्ये महामार्गच बंद होता आणि आलेले पाहुणे अडकून पडले. पाणी छत्तीस-सदतीसच्या पुढे जात असेल तर आठवडाभर पुढे ढकला. अंबाबाई कुठे जात नाही. पण पाऊस उतरल्यावर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात या. रांगा लहान असतात, देवळाचा दगड धुऊन काळाभोर झालेला असतो, आणि सकाळी सातला पूर्वेच्या भिंतीजवळ तुमच्याखेरीज एखादी झाडणारी बाई आणि दोन-चार कबुतरं एवढंच असतं.